टाचेएवढा वेळ

घरातली कुठल्या रंगाची लोकर कोणाची, हे उर्मिलेला पाठ होतं. पिवळी आणि पांढरी लेकीच्या, सुमतीच्या बाळाची, करडी नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची, जांभळी तिची स्वतःची. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी खालच्या नळावरून कळशी घेऊन वर येताना, जिन्याच्या कठड्याला टांगलेल्या पिशवीतून मातकट रंगाची जाडीभरडी लोकर डोकावताना दिसली, तेव्हा ती कळशी कमरेवर तशीच धरून थांबली.

"शकू, ही कोणाची गं?"

"दिल्लीची," शकू वरून म्हणाली.

शकू ही उर्मिलेची नणंद. उर्मिला लग्न होऊन ठाकुरद्वारच्या या घरात आली तेव्हा शकू शाळेतून नुकती सुटली होती आणि खिडकीत बसून काहीतरी विणत होती. आता ती चाळिशी ओलांडून गेली होती आणि खिडकीत बसून काहीतरी विणतच होती. मधल्या काळात तिचं एक लग्न ठरलं आणि एक मोडलं, दोन्ही एकच. त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही, तिनेही नाही. माणसं तिच्याकडे लोकर आणून देत, ती कपडे करून परत देई. मुंबईत लोकर अंगावर घालायचे दिवस ते किती, तरी तिच्या सुया बारा महिने चालत. कोणी महाबळेश्वरला जाणारं असे, कोणाला दमा असे, आणि काहीच नसलं तर कोणीतरी बाळंत झालेलं असेच.

"दिल्लीत आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. समितीचा मोर्चा चाललाय ना, त्यांच्यासाठी कानटोप्या." शकूने ओळ संपवून सुई फिरवली. "परळच्या बायकांची तुकडी आहे. रविवारी संध्याकाळी निघतात. मी पण जातेय."

'दूध उतू जातंय बघ' म्हणावं त्या आवाजात ती हे म्हणाली. उर्मिलेच्या कळशीतलं पाणी हिंदकळून पदरावर सांडलं.

कमलाकांत, म्हणजे उर्मिलेचे यजमान आणि शकूचे थोरले भाऊ, फोर्टातल्या एका इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क होते. संयुक्त महाराष्ट्र व्हावा असं त्यांनाही वाटे, पण रेडिओशेजारी बसून वाटे. आम्हा प्रभूंची मुंबई पहिल्यापासूनच आहे, ती आता मागायची कोणाकडे, असंही ते कधीकधी म्हणत. 'नाही' हा शब्द ते कचेरीत वापरत नसत आणि घरीही नाही. साहेबाच्या हाताखाली आयुष्य काढल्यावर माणूस एवढं शिकतो, की अर्ज नामंजूर करायचा नसतो, त्याला अट जोडायची असते.

"जा की," रात्री जेवताना ते म्हणाले. "मी कोण अडवणारा? तिथे धरतात, तुरुंगात टाकतात, थंडी हाडं फोडते, हे तुला ठाऊक असेलच. फक्त रविवारी सुमतीच्या मुलीचं बारसं आहे. तिच्या सासरची माणसं येणार. बाळंतविडा अर्धा पडलाय, माझा स्वेटर गळ्याशी येऊन थांबलाय, तुझ्या वहिनीचं ते जांभळं काय आहे ते आहेच. शिवाय नानकटाई, भानोलं, रोठ. एवढं सगळं हातावेगळं झालं, की खुशाल जा."

"बरं, भाई," शकू म्हणाली आणि भात वाढायला उठली.

उर्मिलेने मनातल्या मनात अंदाज घेतला आणि तिला हायसं वाटलं. एवढं काम शनिवार-रविवारात होणं शक्य नव्हतं. हायसं वाटल्याची तिला लाजही वाटली, पण ती नंतर, ताटं उचलताना. शकूवाचून हे घर कसं चालेल याचा विचार तिने कधी केला नव्हता. गुडघ्याचा विचार माणूस गुडघा दुखेपर्यंत करत नाही, त्यातलीच गत.

शनिवारी सकाळी मात्र ती मुद्दाम बसली. निवडायला तांदूळ घेतले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकला आणि शकू काय काय करते ते बघायचं ठरवलं. जिच्या मांडीला मांडी लावून इतकी वर्षं भाजी चिरली, तिच्याकडे ती पहिल्यांदाच बघत होती म्हणा ना.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की शकू विणकाम घेऊन घरभर फिरत नव्हती. विणकामं आपापल्या जागी बसून होती आणि शकू त्यांच्याकडे जात होती. बाळाचं टोपडं स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. करडा स्वेटर गॅलरीत, वाळत घातलेल्या धोतराच्या पलीकडे खुंटीला. जांभळं आतल्या खोलीत सुमतीच्या उशाशी, कारण बाळाला पायावर झुलवत झुलवत बाह्या जोडता येतात. आणि कानटोपी जिन्यात, कारण पाण्याच्या रांगेत उभं राहायचं ते जिन्यातच. कुठे कुठला टाका चालू होता, हे ती लक्षात ठेवत नसावीच. त्या त्या जागी गेली, की बोटं पुढची ओळ धरत. कचेरीतून आलेला माणूस न बघता आपल्या खुंटीला टोपी अडकवतो, तसं.

या सगळ्याच्या मधोमध शेगडीवर नानकटाई भाजली जात होती. खाली कोळसे, वर झाकणावर निखारे, मध्ये तुपाने मऊ झालेले पांढरे गोळे. गल्लीतल्या बाकीच्या बायका ताटं भरून बेकरीच्या भट्टीत पाठवत. पण प्रभूंच्या घरात खालीवर विस्तव ठेवून भाजण्याचा तोरा मोठा. रोठ आणि भानोलं बाहेरून भाजून आणणं म्हणजे लग्नाला शेजारच्यांचा मुलगा उभा करण्यासारखं.

शकूने झाकण ठेवलं, टोपडं उचललं, विणू लागली. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. घड्याळ दिवाणखान्यात होतं आणि ते कमलाकांतांच्या ताब्यात होतं. थोड्या वेळाने तिने टोपडं ठेवलं, चिमट्याने झाकण उचललं. नानकटाया कडेला गुलाबी, मध्ये पांढऱ्या, प्रत्येकीच्या माथ्यावर एकच बारीक चीर.

दुसरा घाणा गेला. पुन्हा टोपडं. पुन्हा झाकण. पुन्हा तीच चीर, जशी काही मोजून मारलेली.

"तुला कळतं कसं गं?" उर्मिलेने विचारलं.

"काय?"

"झाली ते."

शकूने तिच्याकडे बघितलं. हा काय प्रश्न झाला, अशी नजर. "टोपड्याची कानपट्टी झाली, की नानकटाई झाली."

"आणि भानोलं?"

"भानोल्याला मोज्याची टाच. मोठ्या माणसाच्या मोज्याची हं. बाळाच्या टाचेत कोबी कच्चा राहतो. रोठाला स्वेटरची गळपट्टी. आईला अर्धी पट्टी पुरायची, पण ती निखारे फार ठेवायची."

उर्मिलेचे हात तांदळात तसेच राहिले. म्हणजे या घरात आजवर जे जे भाजून खाल्लं, त्याच्या जोडीने कोणाच्या तरी अंगावरचं काहीतरी तयार होत आलं होतं. सुमती लहानपणी जो लाल स्वेटर सोडायला तयार नसे, त्यात एक अख्खी दिवाळी होती. कमलाकांत गळ्याभोवती जो मफलर गुंडाळून पहाटे चौपाटीवर फिरायला जात, त्यात कुठल्या कुठल्या पाहुण्यांचे रोठ होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिलाही नव्हता. रोज ज्या देवळात जातो तिथे एक दिवस सहज मान वर करावी आणि घुमटाच्या आतली नक्षी दिसावी, तसं तिचं झालं. आपण आजवर फक्त घंटा वाजवून येत होतो.

"काय झालं गं, वहिनी?"

"काही नाही. खडा होता."

दुपारी मालन आली. ती परळच्या चाळीतली. नवरा जयवंत गिरणीत कामाला. शकूची आणि तिची ओळख चौपाटीवरच्या एका सभेत झालेली. पुढे बसलेल्या मुलीच्या पाठीवर स्वेटरचा एक टाका सुटून खालपर्यंत शिडी धावली होती. शकूला भाषणात लक्ष लागेना, तिने केसातला आकडा काढला आणि टाळ्यांच्या कडकडाटात तो टाका उचलत उचलत वर आणून बांधून टाकला. मुलगी मालनची. तेव्हापासून ही मैत्री.

"काय गो शकूताय, झाल्या काय टोप्या?" मालनने दारातूनच विचारलं.

उर्मिला आत चहा टाकत होती. बाहेरच्या खोलीतलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"झाल्याच. या शेवटच्या टोपीचा गोंडा राहिलाय."

"गोंडो कशाक? पोलीस गोंडा धरून ओढतील."

"मग तर घालतेच. गोंडा त्याच्या हातात राहील, डोकं आपल्याकडे."

मालन खळखळून हसली. "तू येतेस ना पण नक्की? नाव दिलंय मी तुझं."

"येतेय. भाई म्हणाला, कामं हातावेगळी झाली की जा."

"आमच्याकडे जयवंत म्हणतो, जा, भाकऱ्या मी थापतो. त्याच्या भाकऱ्या बघितल्यास तू? त्यापेक्षा तुरुंगातली बरी." मग तिचा आवाज खाली आला. "खरं सांग शकूताय, तुला कशाला जायचंय? आमच्या मजल्यावरचा पोर गेला गोळीबारात. आमची आतडी जळतात. तुझं काय?"

 गोंड्याच्या लोकरीवर कात्री चालल्याचा आवाज आला.

"मुंबई मागायची, तर ज्याने अडवलीय त्याच्या दारात जाऊन मागावी असं मला वाटतं. हे एक. दुसरं सांगितलं तर हसशील."

"नाही हसणार."

"इतकी वर्षं विणतेय मी. पण ज्या थंडीसाठी हे सगळं विणतात ना, ती मी कधी बघितलीच नाही गं. एकदा बघायचीय. खरंच एवढं लागतं का अंगावर."

मालन हसली नाही.

उर्मिलेने चहा गाळला तो अर्धा कपात आणि अर्धा बशीत. शकूला काय हवं, हा प्रश्न या घरात कधी कोणाला पडलाच नव्हता. तिला कुठली भाजी आवडते हेसुद्धा धड सांगता आलं नसतं कोणाला. आणि इथे ती टोपीला गोंडा लावता लावता थंडी मागत होती. लहान मूल चंद्र मागतं तशी, हट्ट न करता.

दिवेलागणीला उर्मिलेने पुन्हा अंदाज घेतला. बाळंतविडा घडी करून सुपात ठेवलेला. जांभळ्याला गुंड्यासुद्धा लागलेल्या. नानकटाईचे डबे भरून फळीवर. टोप्या मालनने नेलेल्या. करड्याच्या मुंढ्यांच्या पट्ट्या पुऱ्या झालेल्या, राहिली होती ती फक्त गळपट्टी. एक बाई, दोन हात, आणि शुक्रवारी रात्री जे डोंगराएवढं दिसत होतं ते संध्याकाळपर्यंत उंबऱ्याएवढं झालं होतं. ही उरकणार, उर्मिलेच्या मनात आलं. बाई गं, ही खरंच उरकणार. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. समुद्राला भरती येताना भिंतीवर उभं राहिलं की वाटतं ते.

रविवारी सकाळी भानोलं शेगडीवर चढलं. किसलेला कोबी, बेसन, नारळाचं दूध, आणि वर निखारे. शकूच्या हातात चार सुयांवर एक मोजा होता, मातकट लोकरीचा. उरलेल्या लडीतला.

"हा कोणाचा?" उर्मिलेने विचारलं.

"माझा," शकू म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. स्वतःसाठी तिने काही विणल्याचं उर्मिलेने बघितलं नव्हतं. टाच वळली, भानोलं उतरलं. सुरीने कडा सोडवल्यावर ते परातीत पडलं ते सोनेरी, थरथरतं, आणि पूर्ण शिजलेलं.

मग रोठ. भाजलेला रवा, साखर, तूप, दूध, बदाम, वेलची. पातेल्यात ओतून, ठोकून, झाकून शकूने वर निखारे रचले, करडा स्वेटर मांडीवर घेतला आणि गळ्याचे टाके उचलले. एवढ्यात आतून बाळाने सूर लावला. पोट दुखलं की ती पोर कोणाचं ऐकत नसे. आईचं नाही, आजीचं तर नाहीच. शकूआत्याने पालथं घालून पाठीवरून हात फिरवला की थांबे.

"आत्या," सुमतीची हाक आली. "ये गं जरा."

शकूने शेगडीकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं.

"दे इकडे," उर्मिला म्हणाली. "दोन सुलट, दोन उलट, एवढंच ना? मला काय येत नाही का? तू जा तिच्याकडे. मी विणते आणि रोठही बघते."

"करशील? मग तीन बोटं रुंद पट्टी कर. पट्टी झाली, की टाके बंद करायच्या आधी रोठ उतरव."

"हो गं बाई. जा."

उर्मिला बसली. मनातून तिला बरं वाटत होतं. कालपासून नुसतं बघत होती, आता त्या नक्षीला तिचाही हात लागणार होता. दोन सुलट, दोन उलट. एकदा चुकली, उलगडलं, पुन्हा विणलं. टाके घट्ट येत होते; तिची आई म्हणायची, हिचा हात घट्ट आहे, संसार नीट करेल. दोन सुलट, दोन उलट. वेलचीचा वास सुटला, छान वास. मग तुपाचा. मग थोडा खमंग. पट्टी एक बोट झाली होती. मग वास जरा करपट आला. तिने मान वर केली. पण पट्टी दोन बोटंसुद्धा झाली नव्हती, आणि रोठाला तीन बोटं लागतात, हे शकूने स्वतः सांगितलं होतं. उर्मिलेने मान खाली घातली आणि हात भरभर चालवला. दोन सुलट, दोन उलट, जणू काही तिच्या सुयांनीच रोठ शिजत होता.

धूर दिसला तेव्हा ती उठली. झाकण उचललं. आत काळाकुट्ट चंद्र होता.

शकू आली, तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. तिने पातेल्यात बघितलं. मग उर्मिलेच्या हातातला स्वेटर बघितला.

"केवढी झाली?"

उर्मिलेने बोटं लावून दाखवली. दोनला थोडी कमीच.

शकूच्या खांद्याला गदगद सुटली. उर्मिलेला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, बाळ उठू नये म्हणून आवाज न करता. "अगं वहिनी," ती म्हणाली, "माझ्या हाताच्या वेगाची तीन बोटं. तुझ्या हाताच्या नाहीत."

"मला काय माहीत," उर्मिला म्हणाली. "वास येत होता गं. पण पट्टी झाली नव्हती."

शकू आणखी हसली. मग तिने बाळाला नेऊन पाळण्यात ठेवलं, परत आली, आणि फळीवरून रव्याचा डबा काढला. करडा स्वेटर ओढून जवळ घेतला. दाराच्या खुंटीला तिची कापडी पिशवी टांगलेली होती, त्यात दोन लुगडी आणि अर्धा मोजा. पिशवीकडे न बघता ती म्हणाली, "मालनला निरोप धाडायला हवा, माझी वाट बघू नका म्हणून. हे पुन्हा करायचं, पट्टी उसवून करायची, तोवर सुमतीच्या सासरची येतील. मग काही सुटका नाही."

तोच आवाज. दूध उतू जातंय बघ.

करपट वासाने कमलाकांत आत आले. त्यांनी पातेलं बघितलं, रव्याचा डबा बघितला आणि काय झालं ते त्यांना कळलं. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "मोर्चे काय, निघतच राहतील. पुढच्या वेळी जा." आवाजात माया होती, आणि चेहऱ्यावर सुटल्याची एक छटा येऊन गेली, ती त्यांनी लगेच पुसली. पण उर्मिलेने ती बघितली. तिला ती ओळखू आली. शुक्रवारी रात्री ती तिच्याच चेहऱ्यावर होती.

तिने पुढे होऊन शकूच्या हातातून रव्याचा डबा काढून घेतला. मग तिच्या काखेतला करडा स्वेटर ओढला, सुयांसकट. मग खांद्यावरचा बाळाचा फडका.

"अगं, काय करतेस?"

"हात पुढे कर."

"का?"

"कर म्हणते ना."

शकूने दोन्ही हात पुढे केले, छडी खाणाऱ्या मुलीसारखे. उर्मिला नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही काय म्हणाला होतात? सगळं हातावेगळं झालं की जा. हे बघा. झालं हातावेगळं. आहे काही तिच्या हातात?"

"अगं, तसा अर्थ नव्हता माझा."

"शब्द तर तुमचाच होता. बाकी सगळं आता माझ्या हातात आहे. रोठ मी करते, स्वेटर मी करते. करपो, नाहीतर हत्तीच्या गळ्यात जाईल एवढा होवो."

कमलाकांतांनी तोंड उघडलं. आयुष्यभर मसुद्यात एकेका शब्दावर त्यांनी लोकांची कामं अडवली होती आणि सोडवली होती. स्वतःचा शब्द असा सुईला अडकून परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची नजर बहिणीच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली.

उर्मिलेचीही गेली. उजव्या तर्जनीवर, जिथून लोकर जाते तिथे, खोल खाच पडली होती. दोरीने विहिरीच्या काठाला पडते तशी. डाव्या तर्जनीचं टोक सुईने कडक, चकचकीत झालेलं. मनगटापर्यंत निखाऱ्यांचे बारीक बारीक डाग, काही जुने पांढरे, काही कालचे. ते हात रिकामे होते. या घरात कोणी ते रिकामे बघितलेच नव्हते. झोपेतसुद्धा शकूची बोटं हलतात, असं सुमती म्हणत असे. आणि आता ते तिघांच्या मध्ये, सकाळच्या उजेडात, नुसते उघडे होते. बघताना उर्मिलेला वाटलं, आपण आवाज करू नये.

"झाकू का आता?" शकू म्हणाली.

"माझा मफलर घेऊन जा," कमलाकांत म्हणाले. "जाडा आहे तो. तिथे लागेल."

दुसरा रोठ उर्मिलेने केला. शकूला पाटावर बसवून ठेवलं आणि कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ती बसली खरी, पण तिला बसणं जमेना.

"हात कुठे ठेवू गं मी?"

"मांडीवर."

"मांडीवर काय करायचं त्यांनी?"

"मला नको विचारूस. मी कामात आहे."

उर्मिला शेगडीपुढे उकिडवी बसली होती, हातात काही न घेता, नाक पुढे करून. वेलची आली. तूप आलं. खमंग आलं, आणि तेव्हाच तिने झाकण उचललं. रोठ एका बाजूने फिकट राहिला होता आणि मध्ये थोडा बसला होता. बारशाला सुमतीच्या सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ घोळवला, आणि "आज हात बदललाय वाटतं," एवढंच म्हणाल्या. मग दुसरा तुकडा घेतला.

पाळण्याची गाणी संपली, माणसं पांगली, तेव्हा मालन खाली येऊन उभी होती. तिने कानटोपी आत्ताच डोक्यावर चढवली होती आणि घामाने तिचं कपाळ निथळत होतं. वाडीच्या तोंडाशी आणखी पाच-सहा बायका, सगळ्या मातकट टोप्यांत, वर गोंडे. गिरगावातल्या उकाड्यात त्या अशा उभ्या होत्या, की येणारीजाणारी माणसं हसायला थांबत आणि न हसताच पुढे जात.

शकू उर्मिलेच्या पाया पडली. उर्मिलेने तिला उठवलं. "नीट जा," ती म्हणाली, आणि नंतर, "लवकर नको येऊस."

गॅलरीतून ती बघत राहिली. शेजारी कमलाकांत येऊन उभे राहिले.

"माझा स्वेटर," त्यांनी विचारलं, "तुझ्या हाताने कधी होईल?"

"सांगता येत नाही."

"बरं," ते म्हणाले. अट जोडली नाही.

खाली शकू त्या बायकांत मिसळली. पिशवी मालनने तिच्या खांद्यावरून आधीच काढून घेतली होती, त्यामुळे तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि चालताना ते कसे हलवायचे हे तिला ठाऊक नव्हतं. आधी पोटाशी धरले, मग मागे बांधले, मग सोडून दिले. कोपऱ्यावर ट्राम येत होती म्हणून सगळ्या थांबल्या. शकूने वळून वर बघितलं. तिने एक हात उचलला, जरा जास्तच उंच, आणि अख्खा दंडापासून हलवला, निरोप घ्यायची सवय नसलेलं माणूस हलवतं तसा. मग दुसराही उचलला.

उर्मिलेने कठड्यावरचे दोन्ही हात काढले आणि वर केले.